आमिषाचा गंध

‘आमिष’ हा शब्द आज आपण बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. अधिकाराचे आमिष, पैशाचे आमिष असे म्हणताना गळाच्या टोकाला खोचलेला मांसाचा तुकडा कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. पण संस्कृतात आमिष म्हणजे मूळचे मांसच. भुलवण्याचा अर्थ त्याला जोडला गेला तो गळ आणि पाश यांच्या संगतीने, असे मानावयास हरकत नाही. या गळाच्या कथेत एक प्रश्न फार जुना आहे. पाण्याखालचा मासा आमिषाकडे येतो तो कशाने? डोळ्यांनी पाहून, की वासाने ओढला जाऊन? आणि वासानेच येत असेल, तर कोणत्या वासाने? या प्रश्नाचे उत्तर माणसाने कसकसे शोधले, त्याचा इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु हातात असलेली विद्या आणि कसोटीस उतरलेले ज्ञान यांच्यामध्ये केवढे अंतर असते, हे या लहान विषयात फार स्वच्छ दिसते.

ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांविषयी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात माशांना घ्राणेंद्रिय आहे की नाही याचा ऊहापोह आहे. पाण्यात राहणाऱ्या आणि हवेत श्वास न घेणाऱ्या जीवाला वास यावा कसा, ही शंका तेव्हा स्वाभाविक होती. अरिस्टॉटलने तिचे उत्तर पुस्तकांत शोधले नाही. ते कोळ्यांकडून घेतले. मासे पकडण्याच्या टोपल्यांत कोळी भाजलेला अष्टपाद ठेवतात, आणि तो ठेवण्याचा हेतू त्याचा वास पसरावा एवढाच असतो, असे तो नमूद करतो. ज्या अर्थी अशा वासाने मासे येतात, त्या अर्थी त्यांना वास कळतो, असा त्याचा सरळ युक्तिवाद आहे. पुढे बायझंटाइन साम्राज्यात दहाव्या शतकात शेतीविषयक जुन्या वचनांचा ‘जिओपोनिका’ नावाचा संग्रह झाला. त्याचा शेवटचा विभाग मत्स्यविद्येला वाहिलेला असून त्यात आमिषे तयार करण्याच्या अनेक कृती दिलेल्या आहेत.

आपल्या देशात या विषयाची सर्वांत ठळक नोंद सापडते ती एका राजाच्या ग्रंथात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल असे बिरुद होते, त्याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. ही कल्याणी मुंबईजवळच्या कल्याणहून निराळी. कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण ते हे गाव. मराठी वाचकाला हा ग्रंथ परका नाही. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा जो जुना उल्लेख आपल्या वाङ्मयेतिहासात नेहमी दाखवला जातो, तो याच ग्रंथातला. वीस वीस अध्यायांच्या पाच विंशतींत राज्यकारभारापासून पाकशास्त्रापर्यंत सारे विषय सामावलेले आहेत, आणि राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, ‘मत्स्यविनोद’ हे एक प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध केला. आणि भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले.

या प्रकरणात सुमारे पस्तीस जातींच्या माशांची नावे आहेत. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान अशी त्यांची वर्गवारी केलेली आहे. दोरी कशी असावी आणि गळ कसा टाकावा, याचे विवेचन आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे तो माशांना चारण्याचा. कोणता मासा काय खातो हे ओळखून कोणाला पिठाचे व पेंडीचे गोळे, कोणाला मांस असे खाद्य द्यावे, ते खाऊन मासा पुष्ट होऊ द्यावा आणि मग गळाचा खेळ खेळावा, असा हा क्रम आहे. म्हणजे आमिष हा केवळ क्षणाचा मोह नव्हे. आधी सवय, मग विश्वास आणि शेवटी गळ. राजाने हे सारे स्वतः नदीकाठी बसून शोधून काढले असेल, हे संभवत नाही. राजदरबारात ज्यांची नावे कधी पोहोचली नाहीत, अशा कोळ्या-भोयांच्या पिढ्यांनी जे पाहिले, तेच येथे संस्कृत श्लोकांची वस्त्रे लेवून उभे आहे.

सोमेश्वराचे राज्य कधीच लयास गेले. परंतु ही विद्या देशात जिवंत राहिली. आपल्यापैकी जे श्रोते बंगालमध्ये राहतात, त्यांनी तळ्याकाठी गळ टाकून तासन्‌तास बसलेले हौशी मच्छीमार पाहिले असतील. तेथे पाण्यात आधी टाकावयाच्या खाद्याला ‘चार’ म्हणतात, आणि प्रत्यक्ष गळाला लावावयाच्या आमिषाला ‘टोप’. आपल्या ‘चारा’ या शब्दाशी त्या ‘चार’चे नाते कानालाच कळते. या चारात मोहरीची पेंड असते, मेथी असते, एकांगी नावाचे सुगंधी मूळ असते. आणि गळाला लावण्यासाठी लाल मुंग्यांच्या अंड्यांना मोठी मागणी असते. कोणत्या तळ्यातल्या रोहूला काय आवडते आणि कटल्याला काय, यावर तेथे पाककलेइतकीच गंभीर चर्चा होते. दक्षिणेत कावेरीच्या प्रवाहात प्रचंड महाशीर पकडण्यासाठी शिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा घट्ट उंडा वापरला जाई. प्रांत बदलला की पीठ बदलते. परंतु पद्धत तीच.

आता थोडे पश्चिमेकडे वळू; कारण आपल्या स्वयंपाकघरातील आणि देवघरातील दोन ओळखीचे पदार्थ तेथे अनपेक्षितपणे भेटतात. आयझाक वॉल्टन या इंग्रज लेखकाचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १६५३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी वाङ्मयात अमर झाले. आमिषाच्या वासासाठी वॉल्टन हिंगाचा उल्लेख करतो. आणि गांडुळे ठेवलेल्या पिशवीत थोडा कापूर घातल्यास त्यांना असा तीव्र वास लागतो की माशांना तो मोह आवरत नाही, असेही सांगतो. पण सर्वांत बोधप्रद आहे ती त्याने सांगितलेली ऑलिव्हर हेन्ली या वृद्ध मच्छीमाराची हकीकत. हा हेन्ली तीन-चार गांडुळे पिशवीतून काढून खिशातल्या एका लहान डबीत ठेवी आणि अर्ध्या तासाने ती गळाला लावी. का, असे विचारले तर म्हणे, चांगली निवडून हाताशी ठेवतो, इतकेच. मात्र मासे त्याला इतरांहून अधिक मिळत. त्याच्या पश्चात एका जिवलग मित्राने गुपित फोडले की, त्या डबीच्या तळाला आयव्ही नावाच्या वेलीच्या फळांचे तेल दोन-तीन थेंब चोळलेले असे.

वॉल्टनची थोरवी अशी की, ही गोष्ट सांगून झाल्यावर तो प्रांजळपणे लिहितो की, आपण स्वतः हा प्रयोग केलेला नाही. आपल्याला तो संभवनीय वाटतो. ज्याला ही कला पुढे न्यावयाची असेल त्याने तो करून पाहावा, असे म्हणून तो प्रश्न वाचकांच्या हाती सोपवतो. हेन्लीने ज्ञान डबीत ठेवले. वॉल्टनने डबी उघडली. परंतु आत जे होते ते खरोखर गुणकारी होते की काय, हे पाहावयास पुढे अडीचशे वर्षे लागली.

हे काम अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज हॉवर्ड पार्कर यांनी १९१० मध्ये केले. त्यांनी मिशा असलेले मासे निवडले. आपल्याकडील शिंगाळा किंवा मांगूर यांच्यासारखे. पातळ कापडाच्या एका पुरचुंडीत गांडुळांचा चुरा बांधला आणि दुसरी पुरचुंडी तशीच ठेवली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. ज्या माशांची घ्राणशक्ती शाबूत होती, ते गांडुळांच्या पुरचुंडीपाशी थबकून तिला टोचू लागले. त्यांच्या मिशा काढून टाकल्या तरीही त्यांनी ती ओळखली. मात्र ज्यांचे घ्राणतंतू छेदले होते, ते मासे तिच्यावरून काही नसल्यासारखे निघून गेले. दूरचे अन्न मासा नाकाने हुडकतो, ही अरिस्टॉटलने कोळ्यांकडून ऐकलेली गोष्ट आता प्रयोगाने सिद्ध झाली.

तरीही कोणता वास, हा प्रश्न उरतोच. आपल्या नाकापर्यंत वास हवेतून उडत येतो. माशाच्या नाकपुड्यांपर्यंत तो पाण्यात विरघळूनच यावा लागतो. म्हणून जो पदार्थ आपल्याला दरवळतो, तो माशाला जाणवेलच असे नाही. आणि जो आपल्याला जवळजवळ निर्गंध वाटतो, तो माशाला दुरून हाक मारू शकतो. १९५६ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. नदीतून वर चढणारे सामन मासे माणसाच्या हाताचा स्पर्श झालेल्या पाण्याने बिचकतात, आणि त्याचे कारण म्हणजे त्वचेतून पाण्यात उतरणारे सेरीन नावाचे अमिनो आम्ल. गळाला आमिष लावणारा माणूस जो गंध मुद्दाम घालतो, त्याचाच नव्हे, तर नकळत स्वतःचा जो गंध सोडतो, त्याचाही हिशेब मासा ठेवतो. पुढे १९७१ मध्ये गोड्या पाण्यातील मिशीवाल्या माशांवर झालेल्या संशोधनात दिसून आले की, त्यांच्या घ्राणेंद्रियाला अमिनो आम्ले अत्यल्प प्रमाणातही जागे करतात. ही आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक. मांसातून, ठेचलेल्या गांडुळातून, आंबलेल्या पेंडीतून ती पाण्यात झिरपतात.

या ज्ञानाच्या उजेडात जुन्या कृती पुन्हा चाळल्या की त्यांतले धान्य आणि फोलपट आपोआप वेगळे होऊ लागते. अष्टपाद, मांस, मुंग्यांची अंडी, पेंड यांची निवड अचूक होती. प्रवाहाच्या वरच्या अंगाला चारा टाकून त्याचा गंध खाली वाहू देण्याची रीतही अचूक होती. सुगंधी तेलांविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे, कारण तेल पाण्यात विरघळत नाही, ते तरंगते. हेन्लीला अधिक मासे मिळाले ते त्या तेलामुळे, की निवडक टवटवीत गांडुळांमुळे, की केवळ हातातल्या कसबामुळे, हे सांगता येत नाही. कदाचित त्याने दिलेले साधे उत्तरच खरे असेल! शिवाय वास हेच सर्वस्व नव्हे. स्वच्छ पाण्यात ट्राउटसारखा मासा डोळ्यांच्या आधाराने भक्ष्य पकडतो. गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या अंधारात मिशीवाला मासा नाकाचा आणि मिशांचा आधार घेतो. पाण्याचे तापमान, प्रवाह, भूक हे सारे त्यात आपापला वाटा उचलतात. अत्तराची एक कुपी या सर्वांवर मात करील, ही आशा माशापेक्षा माणसालाच अधिक भुलवते. कित्येक कृतींत गळाला लागलेला असतो तो विकत घेणारा!

या इतिहासाकडे पाहताना मनात येते की, माशाच्या बाबतीत माणूस दोन तऱ्हांनी चुकत आला. त्याने आपले नाक माशाच्या तोंडावर बसवले, आणि जे स्वतःला सुवासिक ते माशालाही प्रिय असणार असे गृहीत धरले. आणि ज्यांनी माशाचीच आवड पाहून आमिष निवडले, त्या कोळ्यांना त्याने विचारले खरे, पण त्यांची नावे लिहून ठेवली नाहीत. अरिस्टॉटलचे नाव राहिले, सोमेश्वराचे राहिले; टोपलीत भाजलेला अष्टपाद प्रथम कोणी ठेवला, हे कोण सांगणार?

रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महाशीर मासे देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी मारत नाही. भाविकांनी पाण्यात अन्न टाकले की मोठमोठे मासे निर्धास्तपणे काठाशी गोळा होतात. मत्स्यविनोदात सांगितलेलाच हा क्रम आहे. आधी सवय, मग विश्वास. फरक एवढाच की, येथे तिसरी पायरी नाही. आज कावेरीतील कुबडाचा महाशीर नष्टप्राय होण्याच्या अत्यंत गंभीर अवस्थेत असल्याचे जागतिक यादीत २०१८ पासून नोंदले गेले आहे. अशा काळात माशाला जवळ कसे बोलवावे, ही विद्या ज्याला आली, त्याने तो जवळ आल्यावर काय करावे, याचाही विचार केला पाहिजे. मासा वासावर विश्वास ठेवून येतो. त्या विश्वासाचे काय करावयाचे, हे मात्र काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती आहे.