किनवटच्या रानांतील अस्वल

जांबुवंताच्या कथेमुळें अस्वल मराठी घरांत परकें नाहीं. पण तें मराठवाड्यांत अद्याप नांदत आहे, हें नांदेड-लातूरच्या शहरवासीयांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. लातूरकडे रान म्हणण्याजोगें फारसें उरलेलें नाहीं. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस मात्र, पैनगंगेच्या अंगास, माहूर व किनवट या तालुक्यांच्या डोंगरांत सागाचीं जंगलें आहेत. तेथें हा प्राणी रात्रीं वारुळें उकरीत हिंडतो.

त्याचे वरचे मधले दोन दांत नसतात. त्या फटीतून तो वाळवी ओढून घेतो, व त्या वेळचा फुत्कार दूरवर ऐकूं येतो. १७९१ मध्यें जॉर्ज शॉ या इंग्रज पंडितानें त्याचीं लांब नखें पाहून त्यास स्लॉथ नांवाच्या सुस्त प्राण्याच्या वर्गांत घातलें! पुढें चूक उमगली, तरी इंग्रजी नांव तीच चूक अद्याप मिरवीत आहे.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. त्या जिल्ह्यांत जंगलें राखीव झालीं, तेव्हां गोंड व कोलाम यांच्या शेतीवर गदा आली. त्यांतून कोमरम भीम याचा उठाव झाला व १९४० मध्यें तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनें हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांची स्थिति पाहण्यास धाडलें. सागाची किंमत सरकारास कळली होती. मोह, टेंभुर्णी व मध यांची किंमत गोंडास कळत होती, आणि अस्वलास.

अस्वलाच्या वाट्यास सरकारी मायेची सांवली फार उशिरां आली. दरवेशी त्याच्या नाकांत वेसण घालून गांवोगांव नाचवीत. पिलूं हातीं यावें म्हणून त्याची आई मारली जाई. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीस बंदी झाली, पण नाचाचा धंदा बहुतेक संपण्यास २००९ साल उजाडलें. १९८६ मध्यें यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांत पैनगंगा अभयारण्य झालें. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या ध्वजावर आजही अस्वल आहे. त्या प्रांतांत मात्र ग्रिझली अस्वल १९२४ नंतर कोणास दिसलेलें नाहीं. तितकी पाळी येथें आलेली नाहीं.

तरी कायद्यानें बंदूक थांबते, वणवा थांबत नाहीं. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें गळूं लागलीं कीं पहांटेच बायामुलें तीं वेंचण्यास निघतात, व त्याच झाडाखालीं अस्वलही आलेलें असतें. त्याची दृष्टि मंद; माणूस अगदीं जवळ आला कीं तें दचकतें आणि तोंडावर झडप घालतें. अशा रीतीनें चेहरा फाटलेल्या माणसापुढें अभयारण्याची थोरवी गाणें हा निर्दयपणा होय. फुलें नीट दिसावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची चाल आहे. ती आग आंत शिरली कीं टेंभुर्णी, बोर, चारोळी यांचीं रोपें करपतात. मग दोघांचेंही खाद्य घटतें, व उरलेल्या थोड्या झाडांखालीं त्यांची गांठ अधिकच पडते.

वनोपज गोळा करण्याचा हक्क आदिवासींस २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळाला, तो न्यायाचाच आहे. फुलें वेंचूं नका, असें त्यांस सांगण्याचा अधिकार शहरांतील लोकांस नाहीं. पाचोळा जाळण्याऐवजीं खराट्यानें लोटतां येतो, किंवा झाडाखालीं जाळें अंथरतां येतें. आणि उजाडल्यावर, चारचौघांनीं मिळून, मोठ्यानें बोलत गेल्यास अस्वल बहुधा आधींच वाट सोडतें.