आघातोत्तर जठर-कवकरोग : एक ऐतिहासिक टिपण

अन्नाबरोबर बुरशीचे बीजाणू आपण नित्य गिळत असतो, आणि प्रकृती धड आहे तोवर त्यांचे काही चालत नाही. १८८५ मध्ये आर्नोल्ड पाल्टौफ या ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेली एका रोग्याची हकीकत म्हणूनच लक्षणीय ठरते. म्यूकर गणातील बुरशी त्या रोग्याच्या अन्नमार्गात, फुप्फुसांत व मेंदूत आढळली होती. निदान झाले ते मृत्यूनंतर, शवविच्छेदनात. पुढे कित्येक दशके जठरातील या रोगाचे निदान बहुधा तेथेच होत राहिले.

२०२१ मध्ये महाराष्ट्राला हा रोग नाका-डोळ्यांचा म्हणून परिचित झाला. ‘काळी बुरशी’ हे त्याचे लोकप्रिय नाव फसवे आहे. काळी पडते ती बुरशी नव्हे. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठते आणि रक्ताविना मेलेले ऊतक काळवंडते. जठरात हेच घडले म्हणजे व्रण, रक्तस्राव व प्रसंगी छिद्र. परंतु भीषण अपघातानंतर ताणामुळेही जठरात व्रण होतात. त्यामुळे रक्तस्राव दिसताच वैद्याचे लक्ष प्रथम तिकडे जाते, आणि बुरशी निसटते.

मग हे बीजाणू येतात कोठून? २०११ मध्ये अमेरिकेतील जॉप्लिन येथे चक्रीवादळात जखमी झालेल्या तेरा जणांच्या त्वचेत अशाच जातीची बुरशी रुजली. पाच जण दगावले. तेथे जखमेत मातीच गेली होती. जठराची गोष्ट निराळी. स्पेनमधील पाम्प्लोना येथील अतिदक्षता विभागात पाच रोग्यांच्या जठरांत ऱ्हायझोपस बुरशी सापडली. शोधाअंती संशय गेला तो जीभ दाबण्याच्या लाकडी पट्ट्यांवर. नाकातून घातलेल्या नळीवाटे द्यावयाची औषधे याच पट्ट्यांनी कालवली जात! हा वृत्तांत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आघात मोठा, आणि बीजाणूंचे वाहन मात्र इतके क्षुद्र.

या रोगाचा इतिहास सामान्यतः ॲम्फोटेरिसिन-बी या १९५० नंतरच्या दशकातील औषधाभोवती रचला जातो. ते औषध मोलाचे खरे. पण प्रस्तुत लेखकाच्या मते शुश्रूषेच्या साध्या साधनांचा इतिहास तितकाच महत्त्वाचा आहे. त्याची साधने मात्र विरळ आहेत. रुग्णनोंदीत औषधाचे नाव व मात्रा सापडते. ते कशाने कालवले, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही.