शाकटभार, आचित आणि खंडी

जुन्या बांधकामांचे हिशेब वाचतांना चुना इतक्या खंडी, विटा इतक्या हजार, दगड इतके गाडे, अशा नोंदी भेटतात. त्या छापून काढणें सोपें आहे. परंतु तें सामान वजनानें किती भरलें असेल व तें ओढण्यास किती बैल लागले असतील, हा प्रश्न पुष्कळदां वगळला जातो, अथवा खंडीचा एकच दर धरून निकालांत काढला जातो. त्यायोगें वाहतुकीचा व मजुरीचा सर्व अंदाज बिघडतो. या कामीं उपयोगी पडणारीं कांहीं साधनें संस्कृत ग्रंथांत आहेत; त्यांचा येथें विचार करूं.

लीलावतींतील (शके १०७२, इ. स. ११५०) चितिव्यवहारांत भास्कराचार्यांनीं विटांच्या राशीचें उदाहरण घातलें आहे. वीट १८ अंगुळें लांब, १२ रुंद व ३ जाड. रास ८ हात लांब, ५ रुंद व ३ उंच. उत्तर २५६० विटा व २४ थर असें येतें. चोवीस थरांची जाडी बरोबर तीन हात भरत असल्यामुळें सांध्यांतील चुन्यास येथें जागाच उरत नाहीं! गवंडी हंसेल, परंतु रचून ठेवलेल्या राशीचें गणित म्हणून तें निर्दोष आहे. रास १२० घनहस्तांची झाली. हात १८ इंचांचा धरल्यास तिचे ४०५ घनफूट होतात. भाजलेल्या विटेचा घनफूट सुमारें १२० पौंड धरला तर एकूण वजन ४८,६०० पौंड, म्हणजे सुमारें २२ टन येतें. तेवढ्याच आकाराची काळ्या दगडाची रास, घनफुटास १८० पौंड या मानानें, ३३ टनांवर जाते. दहा टन नेणाऱ्या मोटार-ट्रकास विटांसाठीं तीन व दगडासाठीं चार खेपा कराव्या लागतील.

बैलगाडीचें मान अमरसिंहानें कोशांतच देऊन ठेवलें आहे. शंभर पलांची तुला, वीस तुलांचा भार व दहा भारांचा आचित. आणि आचित म्हणजेच शाकटभार, एका गाड्याचें ओझें. म्हणजे गाडा २०,००० पलांचा झाला. लीलावतीच्या परिभाषेप्रमाणें पल ३२० गुंजांचें होतें. गुंजेच्या वजनांत थोडाफार फरक असतो. तो जमेस धरून आचित ७२५ ते ७७० किलोंच्या दरम्यान पडतो. हें ओझें बैलजोडीच्या आवांक्यांतलें आहे. कोशकारानें तें केवळ संख्येच्या हौसेनें रचलेलें नाहीं, असें आमचें मत आहे. या मानानें वरील विटांस सुमारें तीस गाडे व दगडास चव्वेचाळीस गाडे लागतील.

आतां खंडीकडे वळूं. ८२ २/७ पौंडांच्या बंगाली मणाची वीस मणी खंडी सुमारें ७४६ किलोंची होते व आचिताशीं जुळते. एवढ्यावरून खंडी आचितापासून निघाली असें कोणी म्हणूं नये. मुंबईचा जुना मण अवघा २८ पौंडांचा असल्यामुळें तेथील वीस मणी खंडी ५६० पौंडांचीच, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश भरते. तेव्हां कागद कोणत्या प्रांतांतला व कोणत्या पेठेंतला हें ठरल्याखेरीज खंडीचे किलो करणें धाडसाचें आहे.

शिवाय खंडी हें मापहि आहे आणि वजनहि आहे. दगडविटांस याची फारशी बाधा पोंचत नाहीं; चुन्यास मात्र पोंचते. चुनकळी विझविली म्हणजे पाणी शोषून तिचें वजन सुमारें एकतृतीयांशानें वाढतें, आणि ती फुगून पीठ होते तेव्हां आकारमान दुपटीच्याहि पुढें जातें. घाणींत वाळूसह मळलेला ओला चुना याहून पुष्कळ जड असतो. म्हणून नुसती ‘चुना’ अशी नोंद असल्यास तो भट्टीवरून निघाला कीं घाणीवरून, हें त्याच कागदांतील भाड्याच्या व पाणक्यांच्या कलमांवरून आधीं पाहावें, व मगच गाड्यांची संख्या काढावी.