मालेगावची घरे आणि माग

मालेगावचा इतिहास सांगताना आपण नारोशंकर राजेबहाद्दरांच्या भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात करतो. १७४० च्या सुमारास मोसम नदीकाठी तो उभारला गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. आजच्या शहराची घडण मात्र मागावर झाली. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढील दुष्काळांत उत्तर भारतातील मोमीन विणकर कुटुंबे मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाली. त्यांतली बरीच मालेगावी थांबली.

परक्या गावात या कुटुंबांनी संसार मांडला तो मागाभोवती. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसे. विणकर काठावर बसून खड्ड्यात सोडलेल्या पायांनी माग चालवी. जमिनीलगतच्या ओलाव्यामुळे सूत कमी तुटे. म्हणून घरातली उत्तम जागा मागाला मिळे. चूल, अंथरूण, पाळणा उरलेल्या जागेत. दारापुढच्या मोकळ्या जागेत फुलझाडांऐवजी खळ लावलेला ताणा पसरे. रंगीत लुगडी विणणाऱ्या या घरांची शोभाही सुताचीच.

१९३५ च्या सुमारास यंत्रमाग आले आणि खड्डे बुजत गेले. खडखडाट मात्र घराला लागूनच राहिला.

किल्ल्याचे बुरूज अजून दिसतात. हे खड्डे फरशीखाली आहेत. जुने घर पाडताना असा खड्डा सापडला, तर मुरूम भरण्याआधी त्याची लांबी, रुंदी आणि घरातली जागा टिपून ठेवावी. स्थलांतराचा तो अस्सल कागद आहे.