दोन अध्यक्षांमधील चार महिने



इतिहासाच्या तासाला अब्राहम लिंकनची गोष्ट सांगत असतां एका विद्यार्थ्यानें मला एकदां विचारलें, "गुरुजी, लिंकन नोव्हेंबरांत निवडून आला, मग पुढें राज्यें फुटूं लागलीं तेव्हां त्यानें तीं अडविलीं कां नाहींत?" प्रश्न रास्त होता. उत्तर असें कीं, लिंकनच्या हातीं तेव्हां कांहींच नव्हतें. अमेरिकेंत त्या काळीं अध्यक्षाची निवड होई नोव्हेंबरांत, आणि अधिकार त्याच्याकडे येई ४ मार्चला. मधले चार महिने जुना अध्यक्षच कारभार पाही.

ही तारीख कोणीं फार विचार करून नेमलेली नव्हती. नवी राज्यघटना संमत झाल्यावर जुन्या काँग्रेसनें १७८८ सालीं ठरविलें कीं, नव्या कारभाराचा आरंभ पुढच्या मार्चच्या पहिल्या बुधवारीं व्हावा. तो बुधवार ४ तारखेस आला, आणि तीच तारीख रूढ झाली. घोड्यांच्या त्या काळांत एवढा अवधि लागेही. खुद्द वॉशिंग्टनचा पहिला शपथविधि लांबत लांबत ३० एप्रिलला झाला. पुढें आगगाडी आली, तारायंत्र आलें. तारीख मात्र जागची हलली नाहीं.

१८६० च्या २० डिसेंबरला साउथ कॅरोलायनानें संघराज्याशीं संबंध तोडला, आणि फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत आणखी सहा राज्यें त्याच वाटेनें गेलीं. मावळते अध्यक्ष ब्यूकॅनन ह्यांनीं निवाडा दिला कीं, फुटण्याचा हक्क राज्यांना नाहीं, परंतु त्यांना बळानें रोखण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारलाही नाहीं! असल्या निवाड्यानें कोणाचें समाधान व्हावें? लिंकन स्प्रिंगफील्डहून निघाले ते ११ फेब्रुवारीला. तोंवर घर निम्मे दुभंगून गेलें होतें.

असाच प्रसंग ७२ वर्षांनीं पुन्हां आला. १९३२ च्या नोव्हेंबरांत फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांनीं हर्बर्ट हूवर ह्यांचा पराभव केला, तेव्हां मंदीनें देश गांजलेला होता. चार कामगारांमागें जवळजवळ एक बेकार होता. दोघांची भेट झाली, पत्रव्यवहार झाला. फेब्रुवारींत हूवरनीं रूझवेल्टना लिहिलें कीं, चलनवाढ होणार नाहीं आणि अंदाजपत्रक समतोल राहील अशी जाहीर ग्वाही आपण द्यावी, म्हणजे लोकांचा धीर टिकेल. विनंति साधी दिसते. पण त्याच सुमारास एका सिनेटरला लिहितांना हूवरनींच कबूल केलें कीं, अशी ग्वाही म्हणजे रूझवेल्टनीं आपल्या नव्या कार्यक्रमाचा नऊ-दशांश भाग सोडण्यासारखें आहे. रूझवेल्टनीं ती दिली नाहीं. अधिकार हातीं नसतां जबाबदारी घेण्यास ते राजी नव्हते. मला दोघांपैकीं कोणालाही निर्दोष म्हणवत नाहीं. एकाला हरल्यावरही आपलेंच धोरण चालवावयाचें होतें, आणि दुसऱ्याला जुन्या घराच्या पडझडींत अडकावयाचें नव्हतें.

ह्या ओढाताणींत सामान्य ठेवीदार भरडला गेला. १४ फेब्रुवारीला मिशिगनच्या गव्हर्नरनें राज्यांतील बँका बंद केल्या. भीति राज्याराज्यांतून पसरली. लोक रांगा लावून पैसे काढूं लागले, आणि ४ मार्चच्या पहांटे न्यूयॉर्क व इलिनॉय येथील बँकांचींही दारें बंद झालीं. त्याच दिवशीं हूवर आणि रूझवेल्ट एका उघड्या मोटारींतून शपथविधीला गेले. वाटेंत बोलणें असें जवळजवळ झालेंच नाहीं.

योगायोग असा कीं, हा अवधि कमी करणारी विसावी घटनादुरुस्ती २३ जानेवारी १९३३ लाच संमत झालेली होती. परंतु अधिकारग्रहणाचा दिवस २० जानेवारीवर आला तो १९३७ पासून.

६ मार्चला रूझवेल्टनीं देशांतील सर्वच बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला. ९ तारखेस काँग्रेसनें एका दिवसांत कायदा केला. १२ तारखेस, रविवारीं रात्रीं, ते नभोवाणीवर आले आणि बँकेंत ठेवलेल्या पैशाचें पुढें काय होतें, हें त्यांनीं घरोघरच्या माणसांना साध्या शब्दांत समजावून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं बँका उघडूं लागल्या, तेव्हां दारांशीं पुन्हां रांगा लागल्या. ह्या खेपेस लोक पैसे ठेवावयास आले होते.