शाळागृह आणि पडवी : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक टिपण

शाळेच्या इमारतीचा इतिहास लिहिताना कोनशिला, देणगीदार आणि उद्घाटनाचा समारंभ यांवर भर देण्याचा प्रघात आहे. शहरातील शाळांच्या बाबतीत तो काही अंशी योग्यही ठरतो. परंतु कर्जत व खालापूर यांसारख्या भागात शाळेला इमारत मिळणे हीच मुळात उशिरा घडलेली गोष्ट असल्याने तेथे प्रश्न निराळ्या रीतीने मांडावा लागतो. शाळा कोणाच्या जागेत भरत होती आणि त्या जागेत कोणाला पाऊल टाकता येत होते, हा तो प्रश्न होय.

कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यास, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यास, जोडला गेला. खालापूर हा प्रथम त्याचाच पेटा होता. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख आडवळणी खचित नव्हता. आगगाडी १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत आली होती आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली होती. तथापि रूळ पोहोचले तेथे शाळा पोहोचलीच, असे म्हणता येत नाही.

मुंबई इलाख्यात १८५४ पासून अंशतः स्वावलंबी शाळांची पद्धत सुरू झाली. मास्तरांच्या पगाराचा अर्धा भाग सरकारने द्यावयाचा, उरलेला भाग व शाळेची जागा गावाने पुरवावयाची, असे तिचे स्वरूप होते. गावाजवळ मोकळी जागा म्हणजे देऊळ, धर्मशाळा, चावडी किंवा एखाद्या सधन कुळाची ओटी. वरकरणी ही केवळ सोय दिसते. परंतु या सोयीतच प्रवेशाचा नियम दडलेला होता. देवळात शाळा भरली की देवळाचा विधिनिषेध शाळेस लागू होई, आणि ओटीवर भरली की घरधन्याचा. कोणास मज्जाव करावा हे शिक्षणखात्याला लिहून ठेवण्याची गरजच उरत नसे. धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आल्याचे १८५६ मधील प्रकरण प्रसिद्ध आहे. ते अर्जाच्या रूपाने वर आले म्हणून नोंदले गेले, एवढाच त्याचा विशेष.

१८६३ मध्ये जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळविण्यात आला. १८६९ च्या कायद्याने या पट्टीस कायद्याचा आधार मिळाला. येथे एक महत्त्वाचे परिवर्तन घडले. शाळेचा खर्च आता गावच्या प्रतिष्ठितांच्या मर्जीवर न राहता शेतसारा भरणाऱ्या प्रत्येक कुळाच्या आण्यावर चालू लागला. पैसा सर्वांचा आणि जागा मात्र काहींची, ही विसंगती त्यातून उघडी पडली. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या घामाचा पैसा तिच्या शिक्षणासाठी खर्च होत नाही, ही तक्रार मांडली. तिचे मर्म हेच आहे. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे स्थापन झाली. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग त्यानंतर खेडोपाडी इतका रुळला की बोर्डे जाऊन १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावरही तो वृद्धांच्या बोलण्यात टिकून राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी बोर्डाच्या स्वतःच्या इमारती क्रमाने उभ्या राहू लागल्या. काळ्या दगडाचे जोते, एक लांबट खोली, उतरते छप्पर आणि पुढे पडवी, असा त्यांचा सर्वपरिचित घाट. हाताने थापलेली नळीची कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चाळावी लागत. मंगळुरी कौलांनी ते काम पुष्कळ हलके केले. माथेरानच्या डोंगरावर वर्षाकाठी सुमारे दोनशे इंच पाऊस पडतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी उतरत्या छपराविना इमारत टिकणे अशक्यच होते, आणि भिंतींचे रक्षण करणारी पडवी ही शोभेची बाब नव्हती.

या भागाला सरकारी कागदांत ‘व्हरांडा’ हे नाव मिळाले. शब्द मोठा फिरस्ता आहे. तो वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या पोर्तुगीज वृत्तांतात आढळतो. त्याचे मूळ युरोपीय की भारतीय, याविषयी पंडितांत एकमत नाही. कोकणातील माणसाला मात्र पडवी व ओटी यांतील भेद पक्का ठाऊक असतो. ओटीवर पाहुण्यास बसवितात. पडवीत लाकूडफाटा, औते आणि बाहेरचा माणूस. अस्पृश्य मानलेल्या मुलांना शाळेत घेणे भाग पडले तेव्हा इलाख्यात अनेक ठिकाणी त्यांना खोलीबाहेर बसविण्यात आले. प्रवेश दिला असे कागदोपत्री म्हणता येई आणि घराची जुनी वाटणीही मोडत नसे. कर्जतसारख्या मुलखात पडवी म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात पागोळ्यांखालची, पावसाची झड येणारी जागा, हे या संदर्भात विसरता येत नाही.

सी. के. बोले यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला मुंबई कायदेमंडळातील ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठे, धर्मशाळा यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही त्यात समावेश होता. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहामुळे त्यातील पाणवठ्याचा भाग सर्वतोमुखी झाला; शाळेचा भाग मागे पडला. वास्तविक दोहोंचा आधार एकच होता: पैसा सार्वजनिक, म्हणून वापरही सार्वजनिक. उसन्या ओटीवरील शाळेला हा युक्तिवाद लागू करणे कठीण होते, बोर्डाच्या इमारतीला सोपे. इमारतीच्या मालकीचे महत्त्व येथे स्पष्ट होते. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभारही स्थानिक संस्थांकडे गेला.

मात्र दार उघडल्याने सर्व प्रश्न सुटला नाही. कर्जत-खालापुरात ठाकर व कातकरी यांची वस्ती मोठी आहे. खैरापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा जुना व्यवसाय, त्यावरूनच त्यांचे नाव. पुढे कोळसा पाडणे व वीटभट्ट्या हे उपजीविकेचे साधन झाले. दिवाळीनंतर कुटुंब कामावर जाई ते पावसाच्या तोंडाशी परते. शाळेचे वर्ष ज्या महिन्यांत भरास येते, नेमके तेच महिने मुले गावाबाहेर. शिवाय क्रमिक पुस्तकांची भाषा मेजर कँडी यांच्या काळापासून ठरीव झालेली प्रमाण मराठी, आणि मुलाच्या घरची बोली निराळी. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीपुढे अस्पृश्यांबरोबर आदिवासींचाही प्रश्न होता; डॉ. आंबेडकर व ठक्कर हे तिचे सभासद होते, आणि अहवाल १९३० मध्ये सादर झाला.

स्थलांतराचा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ तसाच राहिला. १९९० नंतरच्या दशकात शेजारच्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवरच मुलांसाठी शाळा भरविण्याचा उपक्रम झाला. भट्टीवरील मजुराच्या तात्पुरत्या खोपटास ‘भोंगा’ म्हणतात. त्यावरून या शाळांना ‘भोंगाशाळा’ हे नाव पडले.