अर्जावरचा फोटो

नोकरीच्या अर्जावर फोटो लावावा का, असं तरुण मुलं मला विचारतात. पूर्वी कोल्हापूर संस्थानात फोटोची गरजच नव्हती. आडनावच जात सांगे. १८९४ साली राज्यकारभारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० जण एकाच जातीचे होते. शाहू महाराजांनी आडनावं झाकली नाहीत. २६ जुलै १९०२ च्या हुकमानं त्यांनी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या आणि खातेप्रमुखांकडून नेमणुकांचा तिमाही तक्ता मागवला. जाब विचारला तो निवडणाऱ्याला. म्हणून मी मुलांना सांगतो, ओळख पटवण्यासाठी मागितला तर फोटो द्या; एरवी ती जागा शिक्षणाला, अनुभवाला द्या. निवड कशावरून केली, हे विचारायला मात्र संकोचू नका.